दारूच्या नशेतल्या चालकामुळे घरचं माणूस गेलं तर: कलमं, जामीन, शिक्षा आणि कुटुंबानं करायची कामं

माझा धाकटा भाऊ रात्रपाळी संपवून दुचाकीवरून घरी येत होता. मागून आलेल्या मोटारीनं त्याला उडवलं. चालकाच्या तोंडाला दारूचा भपकारा येत होता, असं तिथं जमलेल्या तिघांनी आम्हाला सांगितलं. तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन आम्ही घरी आलो तेव्हा कळलं की तो चालक पहिल्याच दिवशी जामिनावर घरी गेला आहे. आईनं विचारलं, "असा कसा सोडला त्याला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते मी पुढं पोलीस ठाण्याच्या बाकावर, वकिलांच्या ऑफिसात आणि न्यायालयाच्या व्हरांड्यात बसून शिकले.

मी वकील नाही. पण ज्या गोष्टी पहिल्या आठवड्यात कुणीतरी सांगायला हव्या होत्या, त्या इथं क्रमानं लिहिते आहे. सगळं भारतातल्या कायद्याबद्दल आहे. घटना १ जुलै २०२४ किंवा त्यानंतरची असेल तर भारतीय न्याय संहिता लागू होते. त्याआधीची असेल तर जुनी भारतीय दंड संहिता. दोन्हींचे कलम क्रमांक वेगळे आहेत. वकील जुने आकडे बोलतात, कागदावर नवे असतात. गोंधळून जाऊ नका.

१. पहिली रात्र: एक माणूस पोलीस ठाण्यात पाठवा

घरातले सगळे दवाखान्यात असतात आणि ते स्वाभाविक आहे. पण एखाद्या चुलतभावाला, मित्राला, शेजाऱ्याला त्याच रात्री पोलीस ठाण्यात पाठवा. त्यानं तिथं भांडायचं नाही. तीनच गोष्टी विचारायच्या आणि वहीत लिहून घ्यायच्या: चालकाचं रक्त घेतलं का, किती वाजता घेतलं, कुठल्या दवाखान्यात घेतलं.

एवढी घाई का? मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ प्रमाणे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असणं हा गुन्हा आहे. आणि शरीर ते अल्कोहोल तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या वेगानं कमी करत जातं. अपघाताच्या वेळी ९० मिलिग्रॅम असलेला माणूस चार तासांनी मर्यादेवर येतो, सहा तासांनी शून्याजवळ. सकाळी सावकाश रक्त घेतलं, तर अहवालात दारूचा पत्ताही लागत नाही.

कलम २०२ नुसार दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झालेल्याची वैद्यकीय तपासणी अटकेपासून दोन तासांत व्हायला हवी. ती झाली नाही तर त्या अटकेतून त्याला सोडावं लागतं. चालकानं फुंकायला किंवा रक्त द्यायला नकार दिला, तर तो नकारही कलम २०५ प्रमाणे सरकारी पक्षाच्या पुराव्याला बळ देणारी गोष्ट मानता येते. म्हणून नकार दिला असेल तर त्याची नोंद झाली आहे का, हेही विचारा.

रक्त कसं घेतलं यावरही पुढं खटल्यात तासन्‌तास उलटतपासणी होते. सुई टोचण्याआधी कातडी स्पिरिटनं पुसली होती का, बाटलीत सोडियम फ्लोराइड (नमुना टिकवणारं रसायन) होतं का, सील कुणी लावलं, प्रयोगशाळेत जाईपर्यंत नमुना कुठे ठेवला होता. अभिनेता सलमान खान याच्यावरचा २००२ चा वांद्र्यातला खटला सगळ्यांना माहीत आहे. सत्र न्यायालयानं मे २०१५ मध्ये पाच वर्षांची शिक्षा दिली, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं निर्दोष सोडलं. गाडी तोच चालवत होता आणि तो नशेत होता, हे दोन्ही सरकारी पक्षाला निःसंशय सिद्ध करता आलं नाही, असं उच्च न्यायालय म्हणालं. त्या निकालाबद्दल कुणाचं काहीही मत असो, त्यातून शिकायचं ते हे की रक्ताच्या बाटलीच्या प्रवासातली एक सुटलेली नोंदही बचाव पक्षाला पुरते.

पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ ला दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, त्या प्रकरणात तर चालकाचा रक्तनमुनाच बदलल्याच्या आरोपावरून सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली. दुसऱ्या रुग्णालयात घेतलेल्या नमुन्याशी डीएनए जुळला नाही, म्हणून ते उघडकीस आलं असं पोलिसांचं म्हणणं होतं. तुम्हाला शंका असेल तर दुसरा नमुना आणि डीएनए पडताळणी करण्याची लेखी विनंती लगेच तपास अधिकाऱ्याला द्या. आठवड्यानंतर दिलेल्या विनंतीला दारूपुरता काही अर्थ उरत नाही.

२. जबाबावर सही करण्याआधी वाचा

आमची सगळ्यात मोठी चूक इथं झाली. दवाखान्याच्या जिन्यात एका हवालदारानं बाबांचा जबाब लिहून घेतला. "भरधाव वेगात, हयगयीनं वाहन चालवून" असं नेहमीचं वाक्य त्यात होतं. दारूचा उल्लेख नव्हता. बाबांनी न वाचता सही केली, आम्हीही वाचलं नाही.

जबाबात स्वतः पाहिलेलं आणि दुसऱ्याकडून ऐकलेलं वेगवेगळं लिहायला सांगा. बघ्यांनी चालकाच्या तोंडाला वास येत असल्याचं सांगितलं असेल, तो धड उभा राहू शकत नव्हता असं म्हटलं असेल, तर ते त्यांच्या नावासह यायला हवं. एफआयआरची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला मोफत मिळते, हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास, जामीन, खटला यांची पद्धत ठरवणारा नवा कायदा, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला) कलम १७३ मधला हक्क आहे. मृताचे कायदेशीर वारस "पीडित" या व्याख्येत येतात. त्यामुळे फिर्याद पोलिसांनी स्वतः दिली असली तरी प्रत मागायचा हक्क तुम्हाला आहे.

काही राहून गेलं असेल तर घाबरू नका, पुरवणी जबाब देता येतो. आम्ही तो नवव्या दिवशी दिला. लवकर दिला असता तर बरं झालं असतं, कारण उशिरा आलेल्या जबाबाला बचाव पक्षाचे वकील "नंतर सुचलेली गोष्ट" म्हणतात.

३. कलम १०५ की कलम १०६: सगळं इथून ठरतं

एफआयआर हातात आली की आधी कलमं बघा. आईच्या प्रश्नाचं उत्तर याच ओळीत होतं.

न्याय संहितेचं कलम १०६(१) म्हणजे निष्काळजीपणामुळे मृत्यू. जुनं ३०४-अ. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड. जुन्या कायद्यात ती फक्त दोन वर्षांपर्यंत होती. हा गुन्हा जामीनपात्र आहे. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो. पोलीस ठाण्यातच जामीनदार दिला की तो घरी जातो. आमच्याकडे हेच झालं. कुणी पैसे खाल्ले म्हणून तो सुटला असं आम्ही महिनाभर धरून चाललो होतो. खरं तर लावलेल्या कलमातच ती सुटका होती.

कलम १०५ म्हणजे सदोष मनुष्यवध, जुनं ३०४. यात दोन भाग आहेत. मारण्याचा, किंवा जीव जाईल अशी इजा करण्याचा हेतू असेल तर जन्मठेप किंवा पाच ते दहा वर्षं कैद. हेतू नाही, पण आपल्या कृत्यानं कुणाचा जीव जाऊ शकतो ही जाणीव होती, तर दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. दारू पिऊन केलेल्या अपघातांत वाद असतो तो या दुसऱ्या भागाचा. हा गुन्हा अजामीनपात्र आहे आणि तो सत्र न्यायालयात चालतो.

प्यायलेला असणं एवढ्यानं १०५ आपोआप लागत नाही. प्यायलेला, शिवाय वस्तीतून सुसाट, शिवाय उलट दिशेनं, शिवाय सोबतच्यांनी आधी टोकलेलं, अशा गोष्टी एकत्र आल्या की "त्याला जाणीव होती" हे म्हणता येतं. मुंबईत कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे पदपथावर झोपलेल्या मजुरांवर मोटार गेली, सात जण मेले, आठ जखमी झाले. अ‍ॅलिस्टर परेरा खटला तो हाच. सत्र न्यायालयानं निष्काळजीपणा मानून सहा महिने दिले होते. मुंबई उच्च न्यायालयानं सदोष मनुष्यवध धरून तीन वर्षं दिली आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१२ मध्ये ते कायम ठेवलं. तुमच्या सरकारी वकिलांना हा निकाल माहीत असतोच, तरी त्याची प्रत फायलीत ठेवा.

याशिवाय एफआयआरमध्ये सहसा कलम २८१ (बेदरकार वाहन चालवणं), कोणी जखमी असेल तर कलम १२५, आणि मोटार वाहन कायद्याची १८४ व १८५ ही कलमं असतात. चालक पळून गेला असेल तर १३४ आणि १८७. कुणी पुरावा नष्ट केला असेल तर न्याय संहितेचं कलम २३८.

एक सापळा: "पळून गेला म्हणजे दहा वर्षं" असं सोशल मीडियावर वाचलेलं असतं. ते कलम १०६(२). जानेवारी २०२४ मधल्या ट्रकचालकांच्या आंदोलनानंतर सरकारनं हे पोटकलम थांबवलं आणि १ जुलै २०२४ ला बाकीची संहिता लागू झाली तेव्हा ते लागू केलं नाही. त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

१०६ लागलं आहे आणि १०५ लागायला हवं असं वाटत असेल तर: तपास अधिकाऱ्याला कारणांसह लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्तांकडे, आणि तिथूनही नाही तर वकिलामार्फत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. कलम तपासाच्या दरम्यान वाढवता येतं, आणि खटला सुरू झाल्यावरही निकालापूर्वी न्यायालय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३९ खाली आरोप बदलू शकतं. कलम वाढलं म्हणून आधीचा जामीन आपोआप रद्द होत नाही, हेही समजून घ्या. वाढीव कलमासाठी अटक करायला पोलिसांना न्यायालयाकडून आदेश घ्यावा लागतो.

४. पुरावा: तुमच्या हातात किती आहे

तपास पोलिसांचा असतो. पण कुठं काय मिळेल हे सांगायला कुणी मनाई केलेली नाही.

सीसीटीव्ही सगळ्यात आधी. दुकानं, सोसायट्या, पेट्रोलपंप यांचं रेकॉर्डिंग ठराविक दिवसांनी आपोआप पुसलं जातं, कुठं आठवड्यात, कुठं महिन्यात. अपघाताच्या रस्त्यावरून चालत जा आणि कॅमेऱ्यांची यादी करा. ती यादी अर्जाला जोडून "हे चित्रण जतन करावं" असं तपास अधिकाऱ्याला लिहा. आम्ही एका दुकानदाराकडे नवव्या दिवशी गेलो. त्याच्या यंत्रात सातच दिवस राहत होते. त्या चौकातला तो एकमेव कॅमेरा होता.

चित्रण स्वतःच्या फोनवर घेतलं असेल तर तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि ते मूळ यंत्राच्या आधारानं दिलं जातं. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत आलेली क्लिप न्यायालयात फार टिकत नाही.

दारू कुठे प्यायली? बारचं बिल, यूपीआयचा व्यवहार, बारमधलं चित्रण, टेबलवर वाढणाऱ्याचा जबाब. चालक पळून गेला आणि उशिरा सापडला तर रक्ताच्या अहवालाची जागा हेच पुरावे घेतात. वरळीत ७ जुलै २०२४ ला एका महिलेचा जीव घेणाऱ्या मोटारीचा आरोपी दोन दिवसांनी सापडला. दोन दिवसांनी रक्तात काय उरणार?

आणि चालक कोण होता, हे. "गाडी मी नाही, आमचा ड्रायव्हर चालवत होता" हा बचाव मी तीन वेगवेगळ्या खटल्यांत न्यायालयात बसून ऐकला आहे. एअरबॅगवरचं रक्त, स्टिअरिंगवरचे ठसे, सीटची पुढे-मागे स्थिती, मोबाइलचं लोकेशन, निघतानाचं पार्किंगचं चित्रण यांवरून ते ठरतं. गाडी पोलिसांच्या आवारात उघडी पडलेली असेल तर ती झाकून ठेवावी, न्यायवैद्यक पथकाकडून तपासून घ्यावी, अशी लेखी विनंती करा. आरटीओच्या निरीक्षकाचा वाहन तपासणी अहवालही मागा. "ब्रेक लागले नाहीत" या बचावाला उत्तर त्याच कागदात असतं.

प्रत्यक्ष पाहणारे साक्षीदार खचतात. एखादा बोलायला तयार असेल तर त्याचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली नोंदवण्याची विनंती तपास अधिकाऱ्याला करा. पुढं तो फिरला तरी हा जबाब नोंदीवर राहतो. मात्र साक्षीदाराला काय बोलायचं ते शिकवू नका आणि त्याला पैसे तर मुळीच देऊ नका. तुमचा खरा खटलासुद्धा त्यानं खोटा ठरेल.

५. जामिनाची सुनावणी: तुम्हालाही बोलता येतं

१०५ लागलं असेल तर आरोपी नागरिक सुरक्षा संहितेतल्या तीन वाटांनी जामीन मागतो. अटकेआधी कलम ४८२ खाली अटकपूर्व जामीन. अटकेनंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कलम ४८०. आणि सत्र किंवा उच्च न्यायालयात कलम ४८३. यातली खरी लढाई बहुतेक वेळा सत्र न्यायालयात होते.

न्यायालय बघतं ते असं: आरोपी पळून जाईल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का, पुरावा बिघडवेल का, त्याचा आधीचा गुन्हा आहे का, तपास कुठवर आला आहे. मृत्यू किती दुःखद होता यावर जामीन ठरत नाही. हे ऐकायला फार कठीण जातं. पण वकिलाला दुःख सांगण्यापेक्षा धमकीचा फोन आला त्याची तारीख, वेळ आणि तक्रारीची पोच द्या. त्याचा उपयोग होतो.

उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरीत शेतकऱ्यांवर गाडी घातल्याच्या प्रकरणात एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं की पीडिताला प्रत्येक टप्प्यावर, जामिनाच्या वेळीही, म्हणणं मांडण्याचा हक्क आहे. त्यासाठी तुमच्या वकिलानं हस्तक्षेप अर्ज करायचा. सरकारी वकिलांना आधी जाऊन भेटा. त्यांच्याकडे त्या दिवशी ढीगभर फायली असतात. तुमच्या प्रकरणाची एका पानाची टिपणं नेऊन दिलीत तर बहुतेक जण ती मनापासून वापरतात.

जामीन मिळाला तरी अटी असतात: पासपोर्ट जमा करणं, ठराविक दिवशी पोलीस ठाण्यात हजेरी, साक्षीदारांशी संपर्क नाही. त्या आदेशाची प्रमाणित प्रत काढून घ्या. अट मोडल्याचं दिसलं की पुराव्यासह जामीन रद्द करण्याचा अर्ज करता येतो. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नाही, हे घरातल्या मोठ्यांना मला अनेकदा सांगावं लागलं.

दोन सापळे. पहिला: दोषारोपपत्र वेळेत आलं नाही तर कोठडीतल्या आरोपीला आपसूक जामिनाचा हक्क मिळतो. ही मुदत कलमानुसार ६० किंवा ९० दिवस, आणि १०५ चा कोणता भाग लावला यावर तिच्याबद्दल वादही होतो. म्हणून ४५ व्या दिवसापासून तपास अधिकाऱ्याकडे विचारणा करत राहा. रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, ज्याला सगळे सीए रिपोर्ट म्हणतात, तो अडकल्यामुळे उशीर होतो. दुसरा: अटकेची कारणं आरोपीला समजेल त्या भाषेत लेखी द्यावी लागतात, नाहीतर अटकच बेकायदा ठरू शकते. वरच्या वरळी प्रकरणातूनच हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयानं तो सगळ्या गुन्ह्यांना लागू असल्याचं सांगितलं. कारणं लेखी दिली का, एवढं तपास अधिकाऱ्याला पहिल्याच दिवशी शांतपणे विचारा.

६. चालक अठराच्या आतला असेल तर

मग प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं आणि तिथं नियमच वेगळे. बाल न्याय कायद्याच्या कलम १२ प्रमाणे मुलाला जामीन देणं हाच नियम, नाकारणं हा अपवाद.

"त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवा" अशी मागणी होते. तो रस्ता फक्त "निर्घृण" गुन्ह्यांसाठी आहे, म्हणजे ज्यांची किमान शिक्षा सात वर्षं आहे. जानेवारी २०२० मध्ये शिल्पा मित्तल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की किमान सात वर्षांची शिक्षा नसलेला गुन्हा या गटात बसत नाही. ते प्रकरणही दिल्लीतल्या अल्पवयीन चालकाचंच होतं. सदोष मनुष्यवधाला सात वर्षांची किमान शिक्षा नाही. मला हा कायदा अपुरा वाटतो, पण जो आहे तो आधी समजून घेतला तर वर्षभर चुकीच्या दारावर डोकं आपटावं लागत नाही.

इथं जोर लावायचा तो पालक आणि गाडीमालकावर. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ खाली त्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही.

७. खटला आणि शिक्षा

पोलिसांनी तपासाची प्रगती ९० दिवसांत पीडिताला कळवायची असते. कळवली नाही तर लेखी मागा. दोषारोपपत्राची प्रत वकिलामार्फत घ्या आणि घरी बसून पानन्‌पान वाचा. आमच्या फायलीत घटनास्थळाच्या नकाशात रस्त्याची दिशाच उलटी होती. ते आमच्या लक्षात आलं, म्हणून वेळेवर दुरुस्त झालं.

खटला चालवतात सरकारी वकील. न्यायालयाच्या परवानगीनं तुमचा वकील त्यांना साहाय्य करू शकतो आणि लेखी युक्तिवाद देऊ शकतो. खटल्याची ओळख असलेला सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक मिळाला की ई-कोर्ट्स अ‍ॅपवर पुढची तारीख दिसते. प्रत्येक तारखेला घरातलं कुणीतरी जा. काहीही न बोलता मागच्या बाकावर बसलात तरी चालतं.

आकडे असे: १०६(१) ला पाच वर्षांपर्यंत, १०५ च्या दुसऱ्या भागाला दहा वर्षांपर्यंत. दारू पिऊन चालवण्याबद्दल कलम १८५ खाली पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर दोन वर्षांपर्यंत किंवा १५,००० रुपये किंवा दोन्ही. हे कमाल आकडे आहेत, प्रत्यक्षात शिक्षा बरीच कमी होते. दिल्लीत १९९९ साली सहा जणांचा बळी घेणाऱ्या बीएमडब्ल्यू खटल्यात २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं सदोष मनुष्यवध मानला, पण कैद भोगलेल्या दोन वर्षांइतकीच ठेवली. सोबत ५० लाख रुपये भरायला आणि दोन वर्षं समाजसेवा करायला सांगितलं. मनाची तयारी त्या हिशेबानं ठेवा. दुसरीकडे, नुसत्या चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची मागणी झाली तर दलबीर सिंग खटल्याचा २००० चा निकाल दाखवा: निष्काळजी वाहन चालवून जीव घेणाऱ्याला ती सवलत देऊ नये, असं तिथं सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं आहे.

८. भरपाईचा दावा वेगळा, आणि त्याला मुदत आहे

फौजदारी खटल्याच्या निकालाची वाट बघत बसू नका. भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली मागायची. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत कायद्यात आहे. या मुदतीला न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, तरी त्याच्या भरवशावर राहू नका. तुम्ही राहता तिथल्या न्यायाधिकरणातही दावा करता येतो. पोलिसांनीही ४८ तासांत प्राथमिक आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल तिथं द्यायचा असतो. तो दिला का, विचारा.

रक्कम कशी निघते ते एका उदाहरणात सांगते. २९ वर्षांचा अविवाहित मुलगा, कायम नोकरी नाही, महिना २५,००० कमाई. वर्षाचे ३,००,०००. पुढची वाढ ४० टक्के धरून ४,२०,०००. अविवाहित म्हणून निम्मा स्वतःचा खर्च वजा, उरले २,१०,०००. त्या वयाचा गुणक (वर्षाच्या रकमेला ज्यानं गुणायचं तो आकडा) १७. म्हणजे ३५,७०,००० रुपये, शिवाय अंत्यविधी वगैरेची ठराविक रक्कम. २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांवर हा हिशेब चालतो. विवाहित माणसाच्या बाबतीत, अवलंबून असणारे किती यावर स्वतःच्या खर्चाची वजावट एक तृतीयांश किंवा त्याहून कमी होते. म्हणून कमाईचा प्रत्येक कागद मोलाचा.

चालक प्यायलेला होता म्हणून विमा कंपनी हात वर करू पाहते. न्यायालयांनी अनेकदा कंपनीला आधी कुटुंबाला पैसे द्यायला आणि मग गाडीमालकाकडून वसूल करायला सांगितलं आहे. चालक सापडलाच नाही तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ च्या योजनेतून मृत्यूसाठी २ लाख रुपये मिळतात.

लागणारी कागदपत्रं (प्रत्येकाच्या तीन प्रती काढा, मूळ कुणालाही देऊ नका)

- एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा
- शवविच्छेदन अहवाल आणि मृत्यूचा दाखला
- दवाखान्याची बिलं, रुग्णवाहिकेची पावतीसुद्धा
- मृताचा आधार, वयाचा पुरावा, वाहन परवाना, त्याच्या दुचाकीचे कागद
- पगाराच्या स्लिपा, बँकेचं पासबुक, आयकर विवरण. रोजंदारी असेल तर मालकाचं पत्र
- वारसांचे आधार, रेशनकार्ड, नातं दाखवणारा पुरावा
- समोरच्या गाडीचा क्रमांक, विमा पॉलिसीचा तपशील, चालकाच्या परवान्याची प्रत (पोलिसांकडून)
- तुम्ही दिलेल्या प्रत्येक अर्जाची शिक्क्यासह पोच

हेल्मेट होतं का, हे विमा कंपनी नक्की विचारते. भावाचं फुटलेलं हेल्मेट आम्ही टाकून द्यायला निघालो होतो. वकिलांनी थांबवलं. पंचनाम्यात त्याची नोंद करून घ्या.

९. "मिटवून टाका" म्हणणारे येतील

दहाव्या-बाराव्या दिवसापासून येतात. कधी समोरच्याचे नातेवाईक, कधी आपलेच कुणीतरी ओळखीचे. कलम १०५ आणि १०६ दोन्ही आपसांत मिटवता येण्याजोगे गुन्हे नाहीत. "आमची तक्रार नाही" असं प्रतिज्ञापत्र लिहून दिलं तरी खटला आपोआप संपत नाही. ते फक्त जामिनासाठी आणि उच्च न्यायालयात गुन्हा रद्द करून घेण्यासाठी वापरलं जातं. कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या स्टँप पेपरवर सही करू नका. घरात पैशाची निकड असेल तर त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, पण न्यायाधिकरणातली भरपाई तुमचा हक्क आहे आणि ती घेतल्यानं फौजदारी खटला सोडावा लागत नाही. हे आईला पटायला वेळ लागला. तिला वाटत होतं आपण मुलाची किंमत घेतो आहोत.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन करून माहिती घेता येते.

१०. निकाल विरोधात गेला तर

आरोपी सुटला, किंवा १०५ चा आरोप असताना न्यायालयानं त्याला १०६ खालीच दोषी धरलं, किंवा भरपाई फार कमी दिली, या तिन्ही बाबतींत पीडिताला स्वतः अपील करता येतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ मध्ये ही तरतूद आहे. केवळ शिक्षा कमी वाटते म्हणून मात्र तुम्हाला अपील करता येत नाही, ते सरकारला करावं लागतं. त्यासाठी सरकारी वकिलांकडे आणि विधी व न्याय विभागाकडे लगेच लेखी विनंती द्या. निकालाच्या प्रमाणित प्रतीसाठी त्याच दिवशी, न्यायालयाच्या आवारातून बाहेर पडण्याआधी अर्ज करा. अपिलाची मुदत निकालाच्या तारखेपासून मोजतात, आणि प्रत मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा करून घ्यायचे असतील तर अर्जाची तारीख पावतीवर असावी लागते.